ज्ञान, एक नग

विद्यापीठातली खोली क्रमांक नऊ माझी आहे, असं मी कधी कुणापुढे म्हटलेलं नाही. निवृत्त होऊन मला आठ वर्षं झाली. तरी मला तिथं बसू देतात, एवढंच. खोलीत एक टेबल आहे, दोन खुर्च्या आहेत आणि लाकडी खणांची तीन कपाटं आहेत. खणांमध्ये चार हजार एकशे बारा जुनी पत्रं आहेत, लिफाफे यायच्या आधीच्या काळातली. तेव्हा पत्राच्याच कागदाला घड्या घालून, टोक आत खोचून, वर लाखेचा ठिपका देऊन ते पाठवत. पत्रांत काय लिहिलं आहे यावर माझ्याहून हुशार माणसांनी काम केलं आहे. मी फक्त घड्यांवर केलं. एकतीस वर्षं केलं. ते बरोबर चाललं आहे की नाही, याची खात्री मला त्यातल्या एकाही वर्षी नव्हती.

यंदा सरकारने ज्ञानवाटप योजना आणली. लोकांच्या पैशावर विद्यापीठांनी इतकी वर्षं ज्ञान साठवलं; आता ते दुकानदार, कारखानदार आणि समाज यांच्यापर्यंत पोचवा, म्हणजे पुढचं अनुदान देऊ, असा त्याचा अर्थ. मला ते मनापासून पटलं. साठवलेल्या धान्याला कीड लागते, तशी ज्ञानालाही लागत असणार. अडचण होती ती नमुना क्रमांक सातची.

नमुना सात म्हणजे एका पानाचा फॉर्म. ज्ञान देणारा, ज्ञान घेणारा, ज्ञानाचं स्वरूप, ज्ञान घेतल्यामुळे झालेला बदल, आणि खाली घेणाऱ्याची सही. प्रत्येक विभागाने तीन महिन्यांत असा एक तरी फॉर्म भरून द्यायचा. जो देणार नाही त्याच्याकडे देण्यासारखं काही नाही असं धरून त्याची खोली काढून घ्यायची. आमच्या विभागात मी एकटाच उरलो होतो. तेव्हा खोली म्हणजे नऊ नंबर.

"आणि पत्रं?" मी ज्ञानवाटप कक्षाच्या बाईंना विचारलं. बाई तरुण आणि कामसू होत्या. त्यांच्या टेबलावर फायलींची चळत इतकी उंच होती की बोलताना त्या उभ्या राहत.

"पत्रं तळघरात हलवू, सर."

"तळघरात पाण्याचा पंप आहे. भिंतींना ओल येते."

"हो ना. म्हणून तर तिथं जागा शिल्लक आहे."

त्या दिवसापासून मला तो पंप झोपेतही ऐकू यायला लागला.

बाकीच्या विभागांनी वेळ घालवला नाही. विद्यापीठासमोरच्या रस्त्यावरची दुकानं पहिल्या महिन्यातच वाटून संपली. तत्त्वज्ञानाने केशकर्तनालय धरलं आणि सगळं नश्वर आहे हे ज्ञान न्हाव्याला दिलं. त्याने खाली पडलेल्या केसांकडे बघितलं आणि सही केली. भूगर्भशास्त्राने चांभार घेतला. फुलांच्या दुकानावरून वनस्पतिशास्त्र आणि संख्याशास्त्र यांची जुंपली. शेवटी एकाने फुलं घेतली, दुसऱ्याने गिऱ्हाइकं. खगोलशास्त्रवाल्यांना छत्र्यांचं दुकान मिळालं. ते काय शिकवतात कोण जाणे, पण दुकानदार हल्ली गिऱ्हाईक आलं की आधी आभाळाकडे बघतो आणि मग म्हणतो, "नका घेऊ."

मी मात्र अडीच महिने एक वाक्य पाठ करत होतो. 'नमस्कार, मी आपल्याला थोडं ज्ञान देऊ इच्छितो.' आरशापुढे म्हणून बघितलं, तरी मला माझाच राग आला.

"तुमचं ज्ञान घरात तरी कुणी घेतलंय का आजपर्यंत?" बायको भाजी निवडत म्हणाली. "बोलणाऱ्याचे हुलगे विकले जातात, न बोलणाऱ्याचे गहूही पडून राहतात. जा की त्या लॉन्ड्रीत. तिथं कुणी गेलेलं नाही."

"सगळे जाऊन आलेत. तो सही करत नाही."

"तुमचा कोट पण तिथंच पडलाय थंडीपासून. पावती हरवलीत आणि मागायची लाज वाटते. निदान कोट तरी आणा."

मी गेलो. काउंटरपाशी उभा राहिलो. लॉन्ड्रीवाला चाळिशीचा, कानावर पेन्सिल, कपाळावर चढवलेला चष्मा. त्याने "बोला" म्हटलं. मी अंगातला स्वेटर काढून दिला. दुसऱ्या दिवशी एक पँट दिली. तिसऱ्या दिवशी दोन शर्ट. चौथ्या दिवशी चादर घेऊन निघालो तेव्हा बायकोने दार अडवलं. "उद्या मला नेऊन द्याल," ती म्हणाली. मुदतीला अकरा दिवस उरले होते.

पाचव्या दिवशी माझ्याकडे द्यायला कपडेच उरले नव्हते. तेव्हा बोलावं लागलं.

"काय आणलंय?" लॉन्ड्रीवाल्याने विचारलं.

"ज्ञान," मी म्हणालो.

माझ्या मागच्या गिऱ्हाइकाने आपली पिशवी छातीशी धरली.

"ठेवा इथं," लॉन्ड्रीवाला म्हणाला आणि काउंटरवर हात फिरवून जागा केली.

"ते तसं ठेवता येत नाही."

"मग पावती कशाची लिहू? हे बघा काका, तुमची बरीच माणसं येऊन गेली. एकजण म्हणाले, आत्ता नुसती सही करा, ज्ञान मागाहून पाठवतो. मी म्हटलं, ते जमणार नाही. आमच्या वडिलांनी एकदा गर्दीत न बघता कोटाची पावती फाडली. कोट आलाच नव्हता. तो माणूस दर शनिवारी येऊन कोट मागायचा. तो गेला, आता त्याचा मुलगा येतो. चांगला माणूस आहे, चहा घेऊन जातो. पण कोट कुठून आणू? तेव्हापासून आमचा नियम आहे. वस्तू आली की बघायची, डाग मोजायचे, पावती द्यायची. आणि गुरुवारी वस्तू परत करायची."

"परत?"

"म्हणजे? लोकांच्या वस्तू ठेवून घेऊ?"

मला त्याचं म्हणणं चुकीचं वाटेना. मी बॅगेतून एक कागद काढला. मूळ पत्र मी खोलीबाहेर नेत नाही. ही मी तसल्याच जाड कागदावर केलेली नक्कल होती, घडीला घडी लावून केलेली. ती त्याच्यापुढे ठेवली आणि चाळीस मिनिटं बोललो. मला वाटतं, एवढं मी वर्गातही कधी बोललो नव्हतो.

सांगितलं ते असं. माझ्याकडच्या पत्रांपैकी तीनशे बारा पत्रांवर नेहमीच्या सहा घड्यांखेरीज एक सातवी घडी आहे. खालच्या डाव्या कोपऱ्यात, तिरकी, बोटभर लांब. तिचा पत्र बंद करायला काहीच उपयोग नाही. ही सगळी पत्रं एकाच गावाच्या टपालघरातून गेलेली, पण लिहिणारे वेगवेगळे: सावकार, सैनिक, विधवा, शाळामास्तर. मग एवढ्या निरनिराळ्या माणसांनी तीच घडी का घालावी? माझा सिद्धान्त असा की ती खूण होती. 'आत लिहिलंय त्यावर विश्वास ठेवू नका' अशी गुप्त खूण. त्या काळी पत्रं फोडून वाचत. महिन्यामागून महिना ती घडी खोल होत जाते, म्हणजे भीती वाढत जाते. मग घडी एकाएकी नाहीशी होते, म्हणजे संकट टळलं. मग दीड वर्षाने परत सुरू होते. एकोणीस वर्षांपूर्वी मी यावर एक निबंध छापला. त्याचा उल्लेख आजवर एकाच अभ्यासकाने केला आहे. तो अभ्यासक मीच.

माझ्यामागे सात माणसं खोळंबली होती. एकाने हलकेच "मग त्या विधवेचं काय झालं?" एवढं विचारलं.

लॉन्ड्रीवाल्याने कागद उजेडात धरला, उलटा केला, आणि पावतीवर लिहिलं: 'ज्ञान, एक नग. जुनं. फारसं वापरलेलं नाही. डाग: बघून सांगू.' पावतीच्या मागे छापलं होतं, 'रंग गेल्यास किंवा आटल्यास आम्ही जबाबदार नाही.'

पावती बघून कक्षाच्या बाई खूश झाल्या. "सर, हा तर पक्का पुरावा! बाकीच्यांनी नुसत्या सह्या आणल्यात. फक्त बदलाचा रकाना तेवढा भरून आणा. त्यांच्या धंद्यात काय बदल झाला ते. दोन ओळी पुरेत."

गुरुवारी मी नमुना सात घेऊन गेलो. लॉन्ड्रीवाल्याने कागदात गुंडाळलेला, दोऱ्याने बांधलेला पुडा पुढे केला. सोडून बघतो तर माझी नक्कल. इस्त्री केलेली, पाटीसारखी सपाट, मग सहा घड्या घालून नीट बंद केलेली. सातवी घडी गायब.

"तो डाग होता," मागून आवाज आला. "काढून टाकला."

मागच्या लांब टेबलाशी लॉन्ड्रीवाल्याची आत्या बसते. वय माझ्याएवढंच असेल. चव्वेचाळीस वर्षं ती तिथं कपड्यांच्या घड्या घालते आहे. गिऱ्हाइकंही तिला आत्याच म्हणतात. बोलताना तिने हातातला टॉवेल थांबवला नाही.

"डाग नव्हे," मी म्हणालो. माझा आवाज चढला होता, हे मला नंतर कळलं. "तोच तर सिद्धान्त आहे!"

"मास्तर, बाकीच्या सहा चांगल्या होत्या. ती तिरकी तुम्ही पट्टी लावून घातली होती. तशी घडी कुणी मुद्दाम घालत नाही. ती पडते."

"मूळ पत्रांवर तशीच आहे."

"दाखवा."

"आत्या, दुपारचे कपडे?" लॉन्ड्रीवाला म्हणाला.

"तू घाल घड्या. चाळिशी उलटली तुझी, एक बाही सरळ येत नाही."

तिने पदर खोचला आणि निघाली. खोली क्रमांक नऊमध्ये आठ वर्षांत आलेली ती पहिली पाहुणी. दुसऱ्या खुर्चीवरचे कागद हलवायला मला वेळ लागला, तोवर ती उभीच राहून खण बघत होती. मी तीनशे बारापैकी पहिलं पत्र काढून तिच्यापुढे ठेवलं. तिने हात आपल्या पदराला पुसले, पत्राला मात्र लावले नाहीत. वाकून बघितलं. मग म्हणाली, "पुढचं." मग "पुढचं." असं करत चाळीसएक पत्रं झाली. वाचलं तिने एकही नाही. तिला वाचायला येत होतं का, हे विचारायचं माझं धाडस झालं नाही.

"हे सगळं एकीच्याच हातचं आहे," ती म्हणाली.

"तसं कसं? अक्षर बघा ना, वेगवेगळं आहे."

"अक्षर असेल. घडी एकीची आहे. लोक उघडा कागद आणून देत असतील टपालघरात, घडी घालायला ही बसलेली. आमच्याकडे कपडे काय एकाच माणसाचे येतात?"

पत्र लिहिणारा एक आणि घडी घालणारी दुसरी, हे एकतीस वर्षांत माझ्या मनातही आलं नव्हतं. मी पत्रं लिहिणाऱ्यांचीच चरित्रं धुंडाळत बसलो होतो.

"आणि ही तिरकी?"

आत्याने इकडेतिकडे बघितलं, माझा जाडजूड शब्दकोश उचलला आणि डाव्या कडेवर घेतला. एक कोरा कागद टेबलाच्या कडेशी ओढला. "आता मला हात एकच. कागद सरकतोय. मग काय करायचं? खालचा कोपरा पोटाने टेबलाच्या कडेला दाबून धरायचा. लेकरू डावीकडे, म्हणून अंग तिरकं, म्हणून सुरकुतीही तिरकी." तिने एका हाताने सहा घड्या घातल्या आणि कागद माझ्यापुढे टाकला. सातवी तिथं होती. खालच्या डाव्या कोपऱ्यात, बोटभर. "हा काउंटरवरचा आहे ना, याची आई बाळंतपणातच गेली. मीच वाढवला. तीन वर्षं अशाच चादरींच्या घड्या घातल्या मी."

"पण ती खोल का होत जाते?" मी विचारलं. माझ्याकडे तक्ता होता. महिन्यागणिक मापं होती. भीतीचा आलेख, असं त्याला नाव दिलं होतं मी.

"लेकरू जड होत जातं."

"आणि चौदाव्या महिन्यात एकदम थांबते."

"चालायला लागलं असेल."

मी तक्ता पुढे केला. तिने बोट ठेवलं. "इथं दुसरं झालं. हे पहिल्यापेक्षा अंगाने भारी. आणि आईने लवकर सोडलं नाही. की आजारी होतं?" ती थोडा वेळ तिथंच बघत राहिली. मग शब्दकोश खाली ठेवून म्हणाली, "चला, तिकडे त्याने बाह्यांचा सत्यानाश केला असेल."

ती गेल्यावर मी तीनशे बारा पत्रं परत लावली. एवढी वर्षं ती सगळी पत्रं खोटी आहेत असं मी मानत होतो. सैनिकाने आईला लिहिलं होतं, 'मी सुखरूप आहे,' त्याखाली मी पेन्सिलने लिहिलेली चिठ्ठी लावली होती: असत्य. विधवेने लिहिलं होतं, 'घर विकलं नाही.' असत्य. एकेक चिठ्ठी काढायला दोन दिवस लागले.

मग नमुना सात पुढे घेऊन बसलो. मुदत संपायला एक दिवस होता.

"अहो, लिहून टाका की," बायको म्हणाली. "'घड्या सुधारल्या.' सगळे लिहितात."

"तिच्या घड्यांत सुधारायला काही नाही गं."

"मग 'समाधान झालं' लिहा. तो सही करतोय ना?"

लॉन्ड्रीवाला सही करायला तयार होता. वस्तू आली, वस्तू परत केली, त्याच्या दृष्टीने व्यवहार चोख होता. दोन खोट्या ओळी लिहिल्या की खोली राहणार, पत्रं राहणार. नाही लिहिल्या तर पंप. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. मी पेन उचललं, 'ज्ञान देणारा' या रकान्यात विद्यापीठाचं नाव लिहायला गेलो आणि मला त्या तीनशे बारा चिठ्ठ्या आठवल्या. आणखी एक खोटी चिठ्ठी माझ्या हातून लिहिली जाईना.

शेवटी लिहिलं ते असं. ज्ञान देणारा: लॉन्ड्री. ज्ञान घेणारा: मी. स्वरूप: कडेवर मूल असताना घालायच्या घडीविषयी. झालेला बदल: एकतीस वर्षांचं काम चुकीचं ठरलं. घेणाऱ्याच्या जागी माझी सही केली. कक्षाच्या बाईंच्या टेबलावर ठेवून मी जवळजवळ पळतच बाहेर आलो. तळघरात जाऊन ओल कितपत आहे ते बघून आलो. बरीच होती.

चार दिवसांनी बाईंनी बोलावलं. त्या उभ्या होत्या.

"सर, समितीला तुमचा फॉर्म फार आवडला."

"माझा?"

"बदलाचा रकाना! बाकी विभागांचं बघा ना: 'माहितीत भर पडली', 'उपयुक्त वाटले', 'सगळं नश्वर आहे हे कळले'. तुमच्याइतका बदल कुणाचाच नाही. एकतीस वर्षं चुकीची! समितीतले एक सर तर टाळ्या वाजवत होते. फक्त दिशा उलटी झालीय."

"ते मला माहीत आहे. मी खोली रिकामी करतो."

"नाही, नाही. समितीने कलम दोन वाचलं. त्यात लिहिलंय, 'ज्ञान देणारी संस्था म्हणजे विद्यापीठ. ज्ञान घेणारा तो उद्योग किंवा समाज.' तेव्हा लॉन्ड्री विद्यापीठ ठरते. निदान विभाग तरी ठरतेच." त्यांनी पत्र माझ्या हातात दिलं. घडीशास्त्र विभाग स्थापन झाला होता. विभागप्रमुख आत्या. जागा: खोली क्रमांक नऊ. खोलीतलं सर्व साहित्य विभागाकडेच राहील.

"म्हणजे पत्रं तळघरात जाणार नाहीत?"

"विभागाचं साहित्य तळघरात कसं नेणार?"

"आणि मी?"

बाईंनी कलमावर बोट ठेवलं. "तुम्ही समाज, सर. समाजाला अकरा ते एक प्रवेश आहे."

मला वाईट वाटायला हवं होतं. वाटलंही असेल. पण मी बाहेर येऊन बराच वेळ जिन्यावर बसलो आणि पंप ऐकू येतो का बघितलं. येत नव्हता.

आत्याने खोली ताब्यात घेतली ती टेबल खिडकीशी ओढून. माझी खुर्ची तिने घेतली. मला पाहुण्यांची दिली. लॉन्ड्रीतले टॉवेल ती तिथंच घेऊन येते, कारण हात रिकामे राहिले की तिला सुचत नाही. मी खण उघडतो, ती बघते, मी लिहून घेतो. दोन दिवसांत तिने शाळामास्तरांच्या पत्रांपैकी नऊ पावसात भिजलेली आणि एक रडून भिजलेलं आहे असं सांगितलं. मी "कशावरून?" विचारलं, तर म्हणाली, "पाऊस वरून पडतो."

तिसऱ्या दिवशी कक्षाच्या बाई आल्या. त्यांच्या हातात कोरा नमुना सात होता, कारण नव्या विभागाने पहिला फॉर्म तीन दिवसांत भरून देणं भाग होतं. लॉन्ड्रीवालाही दुपारचे टॉवेल न्यायला आला होता, पावतीपुस्तकासकट. आता दोन ठिकाणचा व्यवहार, म्हणून तो ते खिशातच ठेवतो.

"एक अडचण आहे," बाई म्हणाल्या. "समाज म्हणजे किमान दोन माणसं लागतात. सर एकटेच आहेत. दुसरा मिळाला नाही तर विभाग रद्द होईल, आणि मग खोली..."

"तो कोटवाला येतो ना शनिवारी?" आत्या म्हणाली.

"आजच्या आज हवंय, आत्या. मुदत आज आहे."

तेवढ्यात दारात बायको उभी. डबा घरी विसरलो होतो, तो घेऊन आली होती, बाजारातून परस्पर. एका हातात डबा, दुसऱ्यात भाजीची पिशवी. तीही या खोलीत पहिल्यांदाच येत होती, हे माझ्या तेव्हाच लक्षात आलं.

"बसा बाई, बसा," कक्षाच्या बाई धावल्या. "तुम्ही समाज व्हाल का? पाच मिनिटं. नुसतं ज्ञान घ्यायचंय."

"यांच्याकडून?" बायकोने माझ्याकडे बघितलं.

"आत्यांकडून."

"मग घेते."

आत्याने शब्दकोश कडेवर घेतला आणि कागद ओढून समजावायला सुरुवात केली. "लेकरू डावीकडे..." एवढं ऐकून बायकोने डबा माझ्या मांडीवर ठेवला, पिशवी डाव्या कडेवर घेतली, आत्याच्या हातातला कागद काढून घेतला, पोट टेबलाला टेकवलं, आणि एका हाताने सहा घड्या घालून मोकळी झाली. पिशवीतून एक काकडी डोकावत होती. तिने बोलता बोलता ती आत सरकवली, मान सांभाळल्यासारखी.

मी पट्टी काढली. घडी मोजली. दोनशे बारावं पत्र काढून शेजारी धरलं. केसाचाही फरक नव्हता.

"हे तुला माहीत होतं?"

"माहीत काय असायचंय त्यात? धाकटा कडेवर असताना तुमच्या शर्टांच्या घड्या कोण घालत होतं? खालचा कोपरा चुरगळतो म्हणून रोज कुरकुरायचात. चुरगळलेलाच शर्ट घालून यायचात इथं, त्या कसल्याशा खुणेचा शोध लावायला."

आत्या टॉवेलात तोंड लपवून हसत होती. मी हिशेब केला. धाकटा आता तीस वर्षांचा आहे. सिद्धान्त मला सुचला ते तेच वर्ष.

"पण मग मला सांगितलं का नाहीस?"

"विचारलंत कधी?"

कक्षाच्या बाईंचं पेन फॉर्मवर अधांतरी थांबलं होतं. "आता तुम्ही देणाऱ्या की घेणाऱ्या?" त्या रडकुंडीला आल्या होत्या. "तुम्ही देणाऱ्या ठरलात तर समाज परत एकच उरतो. आणि तुम्ही विद्यापीठ ठरता. तुम्हाला खोली द्यावी लागेल."

"मला घर आहे," बायको म्हणाली.

"मी घेते की," आत्या म्हणाली. "यांनी पिशवी किती वर धरली बघितलीत ना? तसं धरलं तर पाठ दुखत नाही. हे मला चव्वेचाळीस वर्षांत सुचलं नव्हतं. मी आणि मास्तर, झाली दोन माणसं. लिहा."

बाईंनी लिहायला घेतलं आणि दोनदा खोडलं. देणाऱ्याच्या रकान्यात आधी आत्या, मग बायको, मग दोघी आल्या. बदलाच्या रकान्यात काय लिहू म्हणून त्यांनी आत्याकडे बघितलं. आत्या म्हणाली, "पाठ." माझ्याकडे बघितलं. मी काही बोलू शकलो नाही, म्हणून त्यांनी माझ्या नावापुढे 'मौन' असं लिहिलं. तो फॉर्म समितीने मान्य केला की नाही, हे अजून कळलेलं नाही. तोवर खोली आहे तशीच आहे.

लॉन्ड्रीवाला मात्र थांबला नव्हता. त्याने कानावरची पेन्सिल काढली, बायकोने घडी घातलेला कागद उजेडात धरला, उलटा केला आणि पावती लिहिली: 'ज्ञान, एक नग. रोजच्या वापरातलं. डाग नाही.' पावती फाडून त्याने बायकोपुढे धरली. तिने ती माझ्या शर्टाच्या खिशात घातली आणि वरून थोपटलं.

"गुरुवारी तुम्हीच जाऊन घेऊन या," ती म्हणाली. "आणि ही तरी हरवू नका. कोट अजून तिथंच आहे."